आटे जुळले म्हणून

मिरजेच्या त्या काकूंनी लाकडी पेटी माझ्यापुढे केली, पण आपला हात काही लगेच काढून घेतला नाही. पेटीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. "वापरणार आहेस ना गं?" त्यांनी विचारलं. "की आमच्यासारखी कपाटातच ठेवायचीस?" मी वापरणार म्हणून सांगितलं. त्यांनी पेटी सोडली, पदराला हात पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यांचे यजमान पॅथॉलॉजिस्ट होते. ते गेल्यावर लॅब बंद झाली, मायक्रोस्कोपचं स्टँड कुणी नातेवाइकाने नेलं आणि ऑब्जेक्टिव्हची, म्हणजे स्लाइडच्या बाजूला बसणाऱ्या भिंगांची, पेटी मात्र मागे राहिली. ओळखीतून ओळख निघत ती माझ्यापर्यंत आली होती. पैशांचं बोलणं दोन वाक्यांत संपलं. चहा पिताना काकू डॉक्टरांबद्दल बोलत राहिल्या. संध्याकाळी शेवटची स्लाइड बघून झाली की डॉक्टर खुर्चीवरून उठायच्या आधी भिंगं पुसायचे, ते काम त्यांनी कधी टेक्निशियनवर सोडलं नाही. मी पेटीकडे बघत ऐकत होते.

परतीच्या गाडीत पेटी मांडीवर होती. भिलवडी गेलं, किर्लोस्करवाडी गेलं, कराडला गाडी बराच वेळ थांबली, तरी तो प्रश्न मनातून जाईना. प्रश्नात आरोप नव्हता. एका माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहिलेली वस्तू अनोळखी बाईच्या हवाली करताना जेवढी चौकशी करायची, तेवढीच त्यांनी केली होती. मला टोचत होतं ते वेगळंच. साताऱ्यात चिमणपुऱ्यातल्या माझ्या घरी, भिंतीतल्या कपाटात, भिंगांचा एक डबा आधीच होता. त्यातली काही भिंगं रोज लागतात, काही वर्षाकाठी एखाद्या वेळी लागतात आणि काही नुसती आहेत. ती आहेत याचाही मला आनंद आहे. पावसाळी रात्री डबा उघडावा, एकेक भिंग दिव्याखाली धरावं, काचेवरची जांभळट-हिरवी झाक बघावी, आटे अंगठ्याने चाचपावेत आणि परत ठेवून द्यावं, यात मला खरोखर सुख वाटतं. ते सुख काकूंच्या प्रश्नात कुठे बसवायचं, वापरण्यात की ठेवण्यात, ते काही केल्या ठरेना.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी बसून पेटी उघडली. जुन्या भिंगाची पारख करायला कुठलंही महागडं साधन लागत नाही. मायक्रोस्कोपचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, काढून उलटा धरला की तो झकास मोठं दाखवतो. ऑब्जेक्टिव्हची पुढची काच त्याच्याखाली आणली की ओरखडा, बुरशी, वाळलेलं तेल सगळं समोर येतं. मग भिंग उलटं करून मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड तिरपा सोडायचा. आतल्या दोन काचा जिथे चिकटवलेल्या असतात तिथला सांधा सुटायला लागला असेल, तर कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसतो. असं भिंग कितीही नावाजलेलं असलं तरी घेऊ नये, कारण तो सांधा घरी दुरुस्त होत नाही. पेटीतल्या भिंगांचे सांधे पक्के होते. ४०च्या, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या, भिंगावर मात्र तपकिरी कवच बसलं होतं. ते देवदाराचं तेल. १००चं भिंग स्लाइडवर तेलाचा थेंब घालून वापरतात, ४०चं कोरडं. घाईच्या लॅबमध्ये १००नंतर कुणी नोजपीस, म्हणजे भिंगं बसवलेली फिरती चकती, उलट फिरवलं की ४०ची काच त्याच तेलातून जाते, आणि देवदाराचं तेल तसंच राहिलं की वाळून कडक होतं. डॉक्टर गेल्यानंतर लॅब काही दिवस दुसऱ्या कुणी चालवली असणार, असं मला वाटून गेलं. लेन्स पेपरच्या टोकाला झायलीन या द्रावकाचा पुसट ओलावा लावून मी ते कवच थोडं थोडं मऊ केलं. झायलीन जास्त झालं तर आतल्या सांध्यापर्यंत जातं, म्हणून या कामात हात आखडताच ठेवावा लागतो. खोलीभर तो उग्र गोडसर वास पसरला आणि काचेचा पहिला स्वच्छ कोपरा चमकला, तेव्हा मी खुर्चीत टेकून बसले.

मग बाकीची भिंगं ओळीने मांडली आणि त्यांच्या अंगावरच्या खुणा बघत राहिले. १००च्या भिंगाचा मुलामा बोटांच्या जागी पार झिजला होता, खालचं पितळ उघडं पडलं होतं. ४०चं अर्धवट झिजलेलं. १०चं थोडंसं. आणि ४चं अगदी कोरं, काल कारखान्यातून आल्यासारखं. एका पॅथॉलॉजिस्टचं सगळं आयुष्य त्या ओळीत होतं. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिच्या पोटात बसलेला मलेरियाचा जंतू त्याहून लहान, थुंकीतला क्षयाचा जंतू लांबीला दोन ते चार मायक्रॉन. हे शोधायला १००शिवाय गत्यंतर नाही. ४चं भिंग त्यांनी स्लाइडवर जागा शोधायलासुद्धा फारसं वापरलं नसावं. हात बसलेला माणूस सरळ तेलावर जातो.

माझ्या डब्यात ही ओळ बरोबर उलटी आहे.

माझं बघणं दुसऱ्या जातीचं आहे. साताऱ्यात पावसाळ्यात प्रत्येक काळ्या दगडाच्या भिंतीवर शेवाळ चढतं. उन्हाळ्यात तेच वाळून तपकिरी, कुरकुरीत होतं. त्याची चिमूटभर पपडी काढून वाटीत पाण्यात टाकायची, रात्रभर ठेवायची, सकाळी पिळून ते पाणी बघायचं. त्यात रोटिफर असतात, डोक्यावरची केसाळ चाकं फिरवत खाणारे. नशीब असेल तर टार्डिग्रेडही सापडतात, आठ पायांचे, कणाकणाला धरून सावकाश चढणारे. महिनोन् महिने वाळून पडलेले जीव पाणी मिळताच पुन्हा चालायला लागतात, हे पहिल्यांदा लिहून ठेवलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हनहूकने, १७०२ साली, घराच्या पन्हळीतल्या वाळलेल्या गाळावरून. त्याच्या मायक्रोस्कोपात एकच इवलंसं भिंग असायचं, धातूच्या दोन पत्र्यांमध्ये पकडलेलं, आणि ते डोळ्याला जवळजवळ चिकटवून बघावं लागायचं. मंगळवार तळ्याचं हिरवं पाणी, हौदाच्या कडेचा बुळबुळीत थर, माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर दगडाला धरलेला डायटमचा, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाचा, तपकिरी लेप हा माझा माल. टार्डिग्रेड बहुधा पाव ते अर्धा मिलिमीटरचा. १०च्या भिंगात मला जवळपास पावणेदोन मिलिमीटर रुंदीचा गोल दिसतो, त्यात तो आपल्या वाटेने चालत राहतो आणि मी त्याच्या मागे जाऊ शकते. ४०ला गेलं की गोल अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी होतो. तो पाय हलवतो आणि चित्रातून निघून जातो. शिवाय ४०चं भिंग काचेच्या इतकं जवळ येतं की मधे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट राहते. पाण्याचा थेंब जाड असला की फोकस तळापर्यंत पोचतच नाही.

म्हणून कुणी नव्याने मायक्रोस्कोप घेणार असेल आणि मला विचारलं, तर मी आधी २०च्या भिंगाचं नाव घेते. बाजारातल्या संचात ते नसतं. ४, १०, ४०, १०० असा तो संच ठरलेला आहे, कारण तो वर्गासाठी आणि लॅबसाठी ठरला. तळ्याचं पाणी बघणाऱ्याला १० आणि ४० यांच्या मधली ती रिकामी पायरी फार जाणवते. २०मध्ये जीव चित्रात मावतो आणि त्याच्या पोटात काय चाललंय तेही दिसतं. १००चं भिंग काढून त्या जागी २० बसवलं, तर तेलाची बाटली कपाटात राहते आणि बघणं वाढतं, असा माझा अनुभव आहे. हे पॅथॉलॉजिस्टला सांगायला गेलं तर तो हसेल, आणि त्याच्या जागी त्याचं खरंच आहे.

किती पट मोठं दिसतं हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. माझी नजर त्याच्या शेजारच्या आकड्यावर जाते. भिंगावर ४०च्या पुढे ०.६५ असं कोरलेलं असतं. ते न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं त्याचं माप. दोन ठिपके वेगळे दिसणं सगळं त्यावर अवलंबून. हिरव्या उजेडात त्या ठिपक्यांमधलं किमान अंतर ०.२५ला साधारण १.३ मायक्रॉन, ०.६५ला अर्धा मायक्रॉन, तेलातल्या १.२५ला पाव मायक्रॉनच्या थोडं वर. आयपीस मोठा लावून चित्र फुगवता येतं, तपशील वाढत नाही. अ‍ॅपर्चरच्या हजारपटीच्या पुढे नुसता धूसरपणा मोठा होतो. आणि हे आकडेसुद्धा खालून येणारा उजेड नीट असेल तरच खरे. १८९३ साली ऑगस्ट क्योलरने दिव्याचा उजेड सारखा पसरवायची जी पद्धत मांडली ती आजही तशीच वापरतात. साध्या मायक्रोस्कोपवर ती पूर्ण जमली नाही, तरी कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग, वर उचलून त्याचा पडदा दोन-तृतीयांश उघडा ठेवणं जमतं. पडदा मिटून घेतला की चित्र गडद, कोरीव दिसतं, डोळ्यांना सुखद वाटतं आणि बारीक रेषा हरवतात. कितीतरी चांगल्या भिंगांवर 'मंद आहे' असा शिक्का या एका पडद्यामुळे बसलेला मी पाहिला आहे.

पेटीतलं ४०चं भिंग मी माझ्या अंबाल्यात बनलेल्या मायक्रोस्कोपला लावलं. ते सहज फिरत आत गेलं. यातलं नवल मला अजून सरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ऑब्जेक्टिव्हच्या आट्यांचं एक माप ठरवलं, व्यास इंचाचे आठ-दशांश आणि इंचाला छत्तीस आटे. जर्मनीतल्या कारखान्यांनी ते घेतलं, जपानच्यांनी घेतलं, अंबाल्याच्यांनीही. त्यामुळे आजोबांच्या काळातलं भिंग नातवाच्या यंत्राला लागतं. इतर कुठल्या यंत्राच्या सुट्या भागांना हे भाग्य आहे, मला माहीत नाही. माझ्या मोबाइलचा चार्जर दोन वर्षांत निरुपयोगी होतो.

पण आटे जुळले म्हणून चित्र जुळतं असं नाही, आणि जुनी भिंगं घेणाऱ्याने शिकायची खरी गोष्ट ही आहे. भिंगाच्या अंगावर १६०/०.१७ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. या भिंगाने तयार केलेली प्रतिमा त्या लांबीच्या हिशोबाने बांधलेली आहे. काही जुनी जर्मन भिंगं १७०ची असतात. हल्लीच्या पुष्कळ भिंगांवर १६०च्या जागी आडव्या आठसारखी अनंताची खूण असते. ती एकटी प्रतिमा बनवतच नाहीत, त्यांना नळीत आणखी एक भिंग लागतं. दोन्हींचे आटे पुष्कळदा एकच. स्वस्तात मिळालं म्हणून अनंताचं भिंग १६०च्या नळीला लावलं तर काहीतरी दिसतं, आणि जे दिसतं ते त्या भिंगाचं खरं रूप नसतं. दुसरा आकडा कव्हरस्लिपची जाडी. थेंबावर आपण जी पातळ काच ठेवतो, ती मिलिमीटरच्या १७ शतांश जाडीची आहे असं धरूनच भिंग घडवलेलं असतं. म्हणजे दुकानातून आणलेली ती फुटकळ काच भिंगाचाच शेवटचा भाग आहे. १०च्या भिंगाला तिची जाडी चुकलेली कळतही नाही, ४०ला कळायला लागते. आणि तिसरी गोष्ट कुठेच कोरलेली नसते. बऱ्याच जुन्या कंपन्या ऑब्जेक्टिव्हमध्ये रंगाचा थोडा दोष मुद्दाम तसाच ठेवायच्या आणि तो आयपीसमध्ये काढायच्या. एका घराण्याचं ऑब्जेक्टिव्ह दुसऱ्याच्या आयपीसबरोबर बसवलं, की चित्राच्या कडेला प्रत्येक डायटमच्या एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला नारिंगी किनार येते. निकॉनने १९७०च्या दशकात तो दोष ऑब्जेक्टिव्हमध्येच मिटवायची रीत आणली. मिरजेचं भिंग माझ्या आयपीसबरोबर मधोमध सुरेख दिसत होतं आणि कडेला ती निळी किनार होती. त्याचा जोडीदार आयपीस स्टँडबरोबर गेला होता.

ही गोष्ट मला जरा हुरहुर लावून जाते. घडवतानाच भिंगात काही कमी ठेवलेलं असतं, ते पुरवायला ठरावीक नळी, ठरावीक काच, ठरावीक आयपीस बाहेर कुठेतरी असतो. एकेक भिंग सुटं सुटं विकत घेत गेलं की डबा भरतो आणि ही जोडपी फुटत जातात. कंपन्यांची नावं, कोरलेले आकडे, चकाकी यांच्या मोहात मीही डबा भरला आहे, आणि तो मोह वाईट होता असं मला आजही वाटत नाही. त्या एकेका भिंगाने मला काहीतरी शिकवलं. तरी आता नवं भिंग दिसलं की मी आधी विचारते, याचा आयपीस कुठे आहे?

माझ्याकडे एक भिंग आहे, ४०चंच, पण ०.९५ अ‍ॅपर्चरचं, अपोक्रोमॅट, म्हणजे रंगांचा दोष जवळपास काढून टाकलेलं. मुंबईच्या एका जुन्या साहित्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलेलं, आयपीससकट. अपोक्रोमॅटची कहाणी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेंपासून सुरू होते. त्यांनी आणि मायक्रोस्कोप बनवणाऱ्या त्साइसने १८८६ साली ही भिंगं आणली. काच बनवणाऱ्या शॉटने वितळवलेल्या नव्या काचा त्यांत होत्या आणि जोडीला नैसर्गिक फ्लोराइट, खाणीतला स्फटिक, घासून बसवलेला. नुसत्या काचेने तीन रंग एका जागी येत नव्हते, ते त्या दगडाने आणले. माझ्या भिंगावर एक फिरती कडी आहे, ०.११पासून ०.२३पर्यंत आकडे कोरलेली. कव्हरस्लिप जशी असेल तशी ती फिरवायची. एवढ्या मोठ्या अ‍ॅपर्चरला जाडीतला मायक्रॉनांचा फरकही खपत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी एकदा तंबोरा जुळवताना पाहिला होता. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो, त्याला तिथे जीव म्हणतात. कारागीर तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवत होता आणि तार नुसतीच वाजत होती, वाजत होती, आणि एका जागी अचानक जवारी खुलली, सगळी खोली भरून गेली. ही कडी फिरवताना अगदी तेच होतं. डायटमच्या अंगावरची जाळी राखाडी धुक्यासारखी असते, कडी थोडी फिरते, फोकस थोडा सावरावा लागतो, पुन्हा कडी, आणि मग प्रत्येक छिद्र वेगळं होतं. त्या क्षणी माझा श्वास थांबतो. हे भिंग मी वर्षातून मोजक्या वेळा काढते. मला ते काकूंच्या प्रश्नातून वेगळं काढता येत नाही.

आणि मग जून येतो.

यवतेश्वराच्या बाजूने ढग उतरायला लागले की अजिंक्यतारा दिवस दिवस दिसत नाही. घरात कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, पुस्तकांच्या कडा फुगतात. भिंगांसाठी हे चार महिने सर्वांत वाईट. बुरशीची बीजं सगळीकडे असतातच, त्यांना फक्त लांबलेला दमटपणा लागतो. काचेवरची धूळ, बोटाचा तेलकट ठसा, आट्यांतलं जुनं ग्रीस एवढ्यावर त्यांचं भागतं. सुरुवातीला एक ठिपका, मग त्यातून फुटणारे पांढरे धागे. पुसून बुरशी जाते, पण तिने सोडलेलं आम्ल काचेवरचा लेप खातं आणि धाग्यांची नक्षी कायमची कोरलेली राहते. चामड्याच्या केसमध्ये भिंग जपून ठेवणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खायलाही घालतं. तिची शोभा कोरड्या मुलखात. मिरजेच्या पेटीतलं मखमली अस्तरही मी काढून टाकलं. निळ्या मखमलीत भिंगांच्या आकाराचे खळगे होते, ते काढताना जिवावर आलं. पेटी तेवढी ठेवली आहे.

पूर्वी कॉलेजांत आणि लॅबमध्ये मायक्रोस्कोपच्या लाकडी कपाटात एक झिरोचा बल्ब कायम जळत असायचा. नाव झिरोचा, पण त्याची ऊब कपाट कोरडं ठेवायला पुरायची. आता दुकानात झिरोचा म्हणून एलईडी देतात. ती छान उजेड देते, ऊब देत नाही. ज्यांनी जुना बल्ब काढून एलईडी बसवली त्यांच्या कपाटातली भिंगं एका पावसाळ्यात खराब झाल्याचं मी ऐकलं आहे. मी स्वयंपाकघरातले रबरी कडीचे घट्ट डबे वापरते, तळाशी सिलिका जेलच्या पुरचुंड्या, आत एक छोटा आर्द्रतामापक. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे राहिला की मला झोप लागते. अगदी कोरडंही नको, जुन्या ग्रीसला ते मानवत नाही असं जाणकार सांगतात. सिलिका मी नारिंगी रंगाची घेते. निळी ओल धरली की गुलाबी होते आणि बघायला सुरेख दिसते, पण तिच्यात कोबाल्टचं क्षार असतं आणि ते मला घरात नको. नारिंगी हिरवी पडली की तिला एका वेगळ्या ठेवलेल्या लोखंडी कढईत मंद आचेवर परतायचं, रंग परत येईपर्यंत. पावसात गॅसवर ती कढई चढली की घरातल्यांना कळतं, आज भिंगांचा दिवस.

पण या सगळ्यापेक्षा एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. जे भिंग वापरात असतं त्याला बुरशी लागत नाही, किंवा लागली तरी धागे फुटायच्या आत दिसते. उजेड त्यातून जातो, हवा फिरते, डोळा रोज तिथे असतो. डब्याच्या तळाशी गेलेलं भिंगच आजारी पडतं. लेव्हनहूकने आपली सगळ्यांत चांगली भिंगं कुणालाही हाताळू दिली नाहीत. येणाऱ्याला तो दुसरी दाखवायचा. मरताना त्याने चांदीच्या २६ मायक्रोस्कोपची एक पेटी लंडनच्या रॉयल सोसायटीला ठेवली. ती पेटी एकोणिसाव्या शतकात सोसायटीतूनच नाहीशी झाली. बाकीचे शेकडो मायक्रोस्कोप १७४७ साली डेल्फ्टमध्ये लिलावात विकले गेले. आज डझनाच्या आसपास उरले आहेत. आपल्याकडची वस्तू आपल्यानंतर कुणाच्या हाती आणि कशी जाईल याचा त्याने इतका विचार करूनही असं झालं. काकूंनी मात्र पेटीचं टोक धरून ठेवून एक प्रश्न विचारला होता. मला तो आता जास्त कळतो. त्यांना भिंगांचं मोल नको होतं, पुढचं ठिकाण हवं होतं.

आमच्या ओळखीतल्या एका शाळेत मायक्रोस्कोप आहेत. त्यांतल्या एकाच्या नोजपीसला दोन भोकं रिकामी आहेत. १० आणि ४०ची भिंगं कधी तरी निघाली ती निघालीच. नळी १६०ची, कडेची रंगीत किनार त्या मुलांच्या कांद्याच्या पापुद्र्याला काही बाधणार नाही. विज्ञानाच्या बाई गेल्या आठवड्यात घरी आल्या. मी मिरजेची १० आणि ४०ची भिंगं त्यांच्यासमोर पुसून दाखवली. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवायची, मग लेन्स पेपर, मधून बाहेर गोल फिरवत, दाब न देता. ओढणी नाही, रुमाल नाही. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग त्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, हे कडीवालंही मुलांना एकदा दाखवाल का?" मी हो म्हणाले, आणि म्हणताना पोटात खड्डा पडला तो खराच होता. पंचवीस मुलं, एक आयपीस, आणि काचेपासून अगदी निसटत्या अंतरावर असलेलं ते भिंग. तरी दिवाळीनंतर, नदीचं पाणी उतरून दगड उघडे पडले की माहुलीच्या डायटमची स्लाइड करून मी ते घेऊन जाणार आहे. फोकस मी लावून देईन, कडी मात्र एकेकाला फिरवू देणार.

बाईंचा काल फोन आला होता. दुकानदार कव्हरस्लिप कितव्या नंबरची हवी विचारतोय, एक की दीड? एक नंबर ०.१३ ते ०.१६ची असते, दीड ०.१६ ते ०.१९ची. दीड नंबरच मागा म्हटलं, नसेल तर मागवून घ्यायला सांगा, आणि येताना सिलिका जेलही आणा.